मुक्या भिंतीपल्याडची हाळी

खाडी नासवायला चार माणसं पुरतात, निस्तरायला मात्र पिढ्या जातात. भाटवाडीच्या दुर्पाबायने दोन्ही पाहिलं होतं. शाळेचं तोंड तिने दुसरीपर्यंतच पाहिलेलं, त्यामुळे प्रदूषणाचे प्रकार तिला पुस्तकातून कळले नव्हते, अंगावरून कळले होते. खाडीच्या वरच्या अंगाला रसायनांचे कारखाने आले, पाणी नासलं, तिसऱ्यांना, खाडीतल्या त्या शिंपल्यांना, रॉकेलची चव यायला लागली, तेव्हा गावाची जीभ गेली. चिमण्यांच्या धुराने नाक गेलं. बंदराचे दिवे लागले आणि डोळे गेले. काळोख म्हणून उरलाच नाही, कोंबडेसुद्धा खुळ्यासारखे वाटेल तेव्हा आरवायचे. शेवटी बंदरावर क्रेन आल्या, बंदरामागच्या डोंगरावर दगडाचा क्रशर आला आणि कान गेले.

"कातडी तेवढी राहिली," दुर्पाबाय म्हणायची. "ती खारव्याची, खाऱ्या पाण्यात मुरलेली हाय म्हणून."

मग जसं गेलं तसंच एकेक परतायला लागलं. गाळात मिसळलेलं रसायन खाऊन जगणारे जिवाणू सोडले, त्यांनी खाडीचा तळ हळूहळू धुऊन काढला. चिमण्यांना चाळण्या बसल्या. बंदराच्या दिव्यांना वरून टोप्या घातल्या, उजेड खाली पडेल पण आभाळात सांडणार नाही अशा. जीभ आली, नाक आलं, डोळे आले. कान तेवढे राहिले होते. ते परत द्यायला शाल्मली साने नावाची इंजिनीअर पोरगी आली. अंगाने काडी, पण बोलायला लागली की थांबायची नाही.

तिने शाळेच्या वर्गात बायकांना जमवलं, परातीत पाणी घेतलं.

"आवाज म्हणजे हवेतली लाट," ती म्हणाली. पाण्यात बोट बुडवून तिने एक लाट सोडली. "आता समोरून मी बरोबर उलटी लाट सोडली, हिचा उंचवटा तिथे तिचा खळगा, तर?"

"पाणी सपाट," दुर्पाबायची सून सायली म्हणाली. ती चिपळूणला कॉलेजात शिकलेली.

"तेच करायचंय. खाडीत आपण तरंगते डबे सोडणार. ते आपले कान. क्रेनचा आवाज आधी त्यांना ऐकू येणार. आवाज हवेतून येतो, पण डब्यांचा निरोप तारेतून येतो, त्याच्या कितीतरी पुढे. आवाज किनाऱ्याला लागायच्या आत तिथे उभारलेल्या खांबांना बातमी पोचलेली असेल. तेवढ्या सवडीत यंत्र उलटी लाट तयार करेल, खांबांवरचे कर्णे ती सोडतील. झाली भिंत. विटा नाहीत, पत्रे नाहीत."

"मग कुत्रं भुंकलेलं पण नाय ऐकू यायचं?" कोणीतरी विचारलं.

"येईल ना. यंत्राला आपण शिकवायचं, कुठला आवाज आत घ्यायचा आणि कुठला नाही. त्याला बहिरं नाही करायचं, निवडक बहिरं करायचंय."

"निवडक बहिरे माझे सासरे पण होते," दुर्पाबाय म्हणाली. "त्यांना वीज लागायची नाय."

वर्ग हसला. मग वाडीने यंत्राला आपले आवाज दिले. देवळाची घंटा दिली, दर्ग्याजवळच्या मशिदीची बांग दिली, शाळेची घंटा, होड्यांची इंजिनं, रानातला मोर. शेवटी शाल्मली म्हणाली, "आजी, तुमच्यात खाडीपल्याड हाळी घालतात म्हणे. तीही द्या की."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणी पदर नीट केला, कोणी खिडकीबाहेर पाहिलं. बोलायचं काम नेहमीप्रमाणे दुर्पाबायवर आलं.

"इथे? शाळेत बसून? पलीकडे माणूस उभं नसताना हाळी घालत नाय पोरी. ती खोटी हाळी. ती बुडालेल्यांना ऐकू जाते. मग तेच ओ देतात."

"नुसता नमुना हवाय हो."

"नमुना कसला? साडी हाय काय? आणि आता हाळी घालतंय कोण? क्रशर आला तेव्हाच ती रीत मेली. ऱ्हाऊ दे."

राहू दिलं. वाडीच्या दृष्टीने बरोबरच होतं ते. पण यंत्राला ना बुडालेले माहीत, ना रीत. त्याला एवढंच माहीत की पाण्यावरून येणारा, उंच, लांबलचक, ओळखीबाहेरचा आवाज म्हणजे गोंगाट. आला की सपाट करायचा.

भिंत चालू झाली आणि वाडीत लोक पहिले काही दिवस कुजबुजत बोलायचे, देवळात आल्यासारखे. दुर्पाबायच्या नातीला, रेवाला, तर जन्मच नवा मिळाला. क्रेनचा भोंगा वाजला की ते तान्हं पोर दचकायचं, दचकण्याचे झटके यायचे, डोळे वर जायचे. मुलगा बोटीवर, साता समुद्रापार. सून रात्र रात्र पोरीच्या कानांवर हात धरून बसलेली. भिंत आली आणि झटके थांबले. पोर गालाला खळी पाडून झोपायला शिकली. दुर्पाबायने मनातल्या मनात त्या काडीसारख्या शाल्मलीच्या नावाने खणा-नारळाने ओटी भरली. तोंडावर मात्र म्हणाली, "उशीरच केलास."

एक गोष्ट तेवढी तिच्या मनात सलत होती. पलीकडच्या तीरावर, पेवखारला, तिची थोरली बहीण. अनसूया तिचं नाव, दुर्पाबायची आक्का. दोघी बहिणी एकाच खाडीच्या दोन काठांना दिलेल्या. जुन्या दिवसांत दिवेलागणीला आक्का पायऱ्यांवर येऊन हाळी घालायची, "गो दुर्पेऽऽऽ, हायस काय गोऽऽऽ?" आणि इकडून दुर्पी ओ द्यायची, "हाय गो आक्काऽऽऽ!" थोरलीने हाळी घालायची, धाकटीने ओ द्यायची. उलटं कधी नाही. बोलण्यासारखं काही असो वा नसो. तू तिथे आहेस, मी इथे आहे, एवढंच. त्याच्यावर दोघींनी सासुरवास काढला, बाळंतपणं काढली, नवरे पोचवले.

क्रशरने ते बंद पाडलं. मग फोन होते, पण आक्काला फोनचं कधी जमलं नाही. आणि आता काही वर्षांत तिचं डोकं निसरडं झालं होतं. नवं ते सगळं निसटत चाललेलं, जुनं तेवढं चिकटून. भाच्याने तिला फोनवर दुर्पाबायचा चेहरा दाखवला तर आक्का बघत राहिली आणि म्हणाली, "कोण गो तू?"

"दुर्पी. तुझी भैन."

"माझी भैन खाडीत गेली," आक्का म्हणाली. "ओ देत नाय ती."

दुर्पाबाय पुलावरून वळसा घालून रिक्षाने गेली, समोर बसली. आक्काने तिला चहा द्यायला सांगितला, पाहुणीला देतात तसा, कपबशीतून. दुर्पाबाय तो न पिताच उठली. रस्ताभर रिक्षावाल्याला शिव्या दिल्या, त्याची काही चूक नसताना. पुन्हा गेली नाही. मानी माणसाला राग परवडतो, दुःख परवडत नाही.

*

त्या वर्षी खाडीच्या मध्यावरच्या वाळूच्या भाटीवर तिसऱ्या परतल्या. चांगल्या टपोऱ्या, काळसर पट्ट्यांच्या. ओहोटीला वाडीच्या बायका टोपल्या घेऊन होडीतून भाटीवर जायला लागल्या. दुर्पाबायही गेली. सून म्हणाली, "आई, गुडघे दुखतात ना तुमचे?"

"गुडघे माझे, तिसऱ्या पण माझ्या. तू खोबरं भाजून ठेव."

भाटी त्या तरंगत्या डब्यांच्या पलीकडे होती, म्हणजे भिंतीच्या बाहेर. होडी किनाऱ्याच्या खांबांपुढे गेली आणि बंदराचा सगळा खडखडाट एकदम अंगावर आला, भांड्यांची मांडणी कोसळावी तसा. बायकांनी कानात पदराचे बोळे घातले. दुर्पाबायने नाही घातले. वाळूत हाताने चाचपत, तिसऱ्या टोपलीत टाकत ती वाकून पुढे जात राहिली.

दिवेलागण झाली. बंदरावर पाळी बदलायची ती वेळ. क्रेन थांबल्या, क्रशर थांबला. पुढची पाळी चढेपर्यंत थोडा वेळ खाडी जुनी असते तशी झाली.

आणि पेवखारकडून आवाज आला.

"गो दुर्पेऽऽऽ, हायस काय गोऽऽऽ?"

दुर्पाबाय वाकलेलीच राहिली. हातातली तिसरी हातातच. आवाज बारीक झाला होता, मधे फाटत होता, पण शेवटी तोच हेलकावा, वर जाऊन खाली येणारा, होडीसारखा. तिच्याबरोबरच्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. त्यातली सकीना हळूच म्हणाली, "चाची, तुम्हालाच हाय."

ओ देणं सोपं नसतं, इतक्या वर्षांनी तर नाहीच.  ती कमरेत सरळ झाली, तोंडाभोवती वाळूचे हात धरले, आणि पोटातून काढली.

"हाय गो आक्काऽऽऽ! हाय!"

पलीकडे काहीच नाही. मग उत्तर आलं, आणि त्यात फाटकेपणा नव्हता.

"मग इतकी वर्सं कुठं मेली होतीस गोऽऽऽ!"

भाटीवरच्या बायका हसल्या. दुर्पाबायही हसली, आणि वाळूत बसली, टोपलीवरच. टोपली मोडली.

*

"अलीकडे पुन्हा रोज घालते ती हाळी," दुसऱ्या दिवशी पेवखारहून भाच्याची बायको फोनवर म्हणाली. "संध्याकाळी पायऱ्यांवर जाऊन ओरडते. आम्ही म्हटलं, डोकं फिरलंय. घरात ओढून आणतो."

दुर्पाबायने फोन ठेवला आणि थेट खांबांखालच्या खोलीत शाल्मलीला गाठलं.

"तुझ्या भिंतीने माझी बहीण खाल्ली."

सगळं ऐकून शाल्मलीचा चेहरा उतरला. तिने पडद्यावर रेघा उघडल्या, आक्काच्या हाळीची उंची आणि क्रेनच्या भोंग्याची उंची शेजारी शेजारी लावून दाखवली. "बघा आजी. दोन्ही जवळजवळ एकाच पट्टीतले. जवळून येणारा आवाज मी वेगळा काढू शकते. पण एवढ्या लांबून, एवढी बारीक हाळी आत घ्यायची तर त्या पट्टीतली फट उघडावी लागेल. तिच्यातून भोंगाही येईल. तुमच्या घरात, पायऱ्यांच्या बाजूच्या सगळ्या घरांत."

"पोरीच्या पाळण्यापर्यंत?"

"हो. मी यंत्र शिकवत राहीन, पण त्याला वेळ लागेल. तोवर तुम्ही म्हणाल तसं."

दुर्पाबायने खिडकीतून आपलं घर पाहिलं. दारात सायली दोरीवर कपडे घालत होती, मागे पाळणा हलत होता. काही ऐकू येत नव्हतं. पोर जागी नव्हती, हे मात्र दिसत होतं.

"नको," ती म्हणाली. "फट नको. भिंत जिथे हाय तिथे ऱ्हाऊ दे. मी बाहेर जाते."

जेट्टीच्या टोकाला जाळी ठेवायची जुनी खोप होती, खांबांच्या बाहेर. रोज दुपार कलली की दुर्पाबाय पाण्याची बाटली आणि सुपारीचा डबा घेऊन तिथे जाऊन बसायला लागली. सगळी वाडी शांततेत आणि ही म्हातारी त्या खडखडाटात, एकटी. गावात चर्चा होणारच.

"लोक काय म्हणतील?" सायली चिडली. "सासूला खोपीत ठेवलं म्हणतील. सकीनाचाची विचारत होती मला."

"सांग, सासू स्वतःच्या पायाने गेली. पाय हायत अजून."

"मी फट उघडायला सांगते शाल्मलीताईला. रेवाला मी आतल्या खोलीत घेऊन बसेन."

"एकदा पोरीचे डोळे वर गेलेले मी पाहिलेत, पुन्हा पाहायचे नाय." दुर्पाबायचा आवाज चढला, आणि मग उतरला. "आक्का मला हवी हाय सायले. पण पोरीची झोप मोडून नको. आक्कालाही नको असती. तिनेच मला अंगाई शिकवलीय."

 त्या दिवसापासून खोपीत चहाचा थर्मास मात्र न सांगता पोचायला लागला.

एकदा दुर्पाबाय पुलावरून पुन्हा पेवखारला गेली. मानाची गाठ सोडून गेली. आक्का ओसरीवर तांदूळ निवडत होती, तांदळात एकही खडा नसताना.

"कोण गो तू?"

"दुर्पी."

आक्का तिच्याकडे बघून हसली, लबाड पोराकडे बघून हसावं तशी. "खोटं नको बोलूस. दुर्पी पलीकडे हाय. सांजच्याला ओ देते मला."

 दुर्पाबाय शेजारी बसली आणि सुपातले तांदूळ निवडायला लागली. दोघी म्हाताऱ्या न बोलता, नसलेले खडे काढत राहिल्या. आक्का मधेच म्हणाली, "तुझे हात तिच्यासारखे हायत," आणि पुन्हा निवडायला लागली.

ऊन उतरायला लागलं तशी दुर्पाबाय उठली.

"बस की. जेवून जा."

"नाय बाय. मला दिवेलागणीच्या आत पलीकडे पोचायला हवं."

"हां, जा," आक्का म्हणाली. "मलाही हाळी घालायचीय."

बहिणीच्या मांडीला मांडी लावून बसायचं तर परकी होऊन, आणि बहीण व्हायचं तर मधे अख्खी खाडी घेऊन. ज्याच्या नशिबी असला सौदा येतो, तो घासाघीस करत नाही. दुर्पाबायने रिक्षावाल्याला पळव म्हटलं. खोपीशी पोचली तेव्हा क्रेन नुकत्याच थांबत होत्या.

"गो दुर्पेऽऽऽ!"

"हाय गो आक्काऽऽऽ!" धापा टाकत टाकत तिने ओ दिली.

*

पावसाळा उलटला, आणि आक्का गेली. झोपेतच गेली, कोणाला त्रास न देता. दुर्पाबायने तिला आंघोळ घातली, केस विंचरले, आणि कोणी रडताना दिसलं की त्याला काम सांगितलं. बाराव्याचं उरकून ती परतली.

शाल्मली भेटायला आली. ती पायरीच्या कडेला बसली. मग म्हणाली, "आजी, यंत्र शिकत होतं ना, म्हणून मी भाटीवर एक डबा लावला होता. आक्कांची हाळी माझ्याकडे आहे. पुष्कळ आहेत, वेगवेगळ्या. तुम्ही म्हणालात तर खांबांचे कर्णे रोज दिवेलागणीला ती सोडतील. अगदी पलीकडून आल्यासारखी. आत, घरात बसून ऐकता येईल. रेवाला काही होणार नाही."

आतून सायली ऐकत होती. तिने पाळण्याची दोरी थांबवली.

दुर्पाबायचे ओठ हलले. तिला ती हाळी पुन्हा ऐकायची नव्हती असं कोणी म्हणेल तर ते खोटं. तिच्या अंगातली एकेक शीर त्या आवाजासाठी ताणली होती. हो म्हटलं की झालं. उद्यापासून आक्का रोज वेळेवर यायची, कधी न थकता, कधी न मरता.

"आणि मी ओ दिली, तर ती कोणाला जाईल?" तिने विचारलं.

शाल्मलीने पायरीवरची वाळू बोटाने सारखी केली.

"ती रोज विचारेल, हायस काय. मी रोज सांगेन, हाय. आणि तिला कधी कळायचं नाय." दुर्पाबायने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू गुणाची हायस. पण ही खोटी हाळी झाली बाय. पुसून टाक."

"सगळी?"

"सगळी. माझ्या देखत नको."

त्या संध्याकाळी ती तरीही खोपीकडे गेली. सवयीने नव्हे, पाय नेतील तिथे. पाण्याची बाटली नेली नाही, सुपारी नेली नाही. क्रेनचा खडखडाट अंगावर घेत टोकाला उभी राहिली. पाळी बदलली. क्रेन थांबल्या, क्रशर थांबला. खाडी भरतीची होती, काठोकाठ. पेवखारच्या पायऱ्यांवर कोणी नव्हतं.

आयुष्यात कधी केलं नव्हतं ते दुर्पाबायने केलं. धाकटी असून, पलीकडे माणूस नसताना, तिने हाळी घातली.

"गो आक्काऽऽऽ! हायस काय गोऽऽऽ?"

हाळी पाण्यावरून गेली. पलीकडे पोचायला तिला जेवढं लागतं, तिकडच्या माणसाला छातीत वारा भरायला जेवढं लागतं, आणि ओ परत यायला जेवढं लागतं, तेवढं दुर्पाबाय थांबली. मग आणखी थोडं थांबली. पाणी जेट्टीच्या लाकडांना लपलपत होतं. आता पाण्यातून कोणाचीही ओ आली तरी तिला भीती वाटणार नव्हती, आणि भीती वाटत नाही याचीच तिला भीती वाटली.

"हाय गो आईऽऽऽ!"

आवाज मागून आला. फुटका, कोवळ्या कोंबड्यासारखा. दुर्पाबाय गर्रकन वळली. खांबांच्या अलीकडे, भिंतीच्या बाहेर, सायली उभी होती. तोंडाभोवती दोन्ही हात, केस वाऱ्यावर, आणि पायांत दोन वेगळ्या चपला.

"मेले," दुर्पाबाय म्हणाली. "पोर कुठाय?"

"झोपलीय. शाल्मलीताई बसलीय जवळ."

"हाळी तुला नव्हती."

"माहीत आहे." सायली जवळ आली. धाप लागली होती तिला. "पण म्हटलं, खाडीतल्यांनी ओ द्यायच्या आत कोणीतरी द्यायला हवी."

बंदरावर भोंगा वाजला, नवी पाळी चढली, आणि पुढचं काही कोणाला ऐकू गेलं नसतं. दुर्पाबायने सुनेच्या कानाशी तोंड नेलं.

"गळ्यातून देतेस," ती ओरडली. "उद्या पोटातून दे."